वाचकांचे प्रश्न : वर्षभराची भरतकामाची रोजनिशी

प्रश्न : कापडावर दररोज एक लहानशी आकृती भरायची आणि वर्षअखेरीस त्या सगळ्या आकृत्यांतून सरलेले वर्ष वाचायचे, अशा भरतकामाच्या रोजनिशीबद्दल मैत्रिणीकडून ऐकले. येत्या पाडव्यापासून मी ती सुरू करणार आहे. कापड किती घ्यावे, त्याचे भाग कसे पाडावेत आणि रोज काय भरावे? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय पहिल्या टाक्याच्या आधीच घ्यावा लागतो, तो म्हणजे आकृतीच्या आकाराचा. पुष्कळ जणी कापड ताणून धरणारी एकच मोठी गोल रिंग घेऊन तिचे बारा भाग पाडतात. दिसायला ही मांडणी सुरेख असते, पण हिशेब करून पाहा. ३० सेंटिमीटर व्यासाच्या रिंगमध्ये सुमारे ७०० चौरस सेंटिमीटर कापड मिळते, त्याचे ३६५ वाटे केले तर एका दिवसाला दोन चौरस सेंटिमीटरही येत नाहीत, आणि कडेची जागा सोडली की त्यातलेही कमी होते. पहिल्या आठवड्यात उत्साहाने मोठमोठी फुले भरली, तर श्रावण येण्याआधीच कापड संपते.

म्हणून मी चौकटींची मांडणी सुचवीन. एका दिवसाला २ सेंटिमीटरचा चौकोन द्यावा. एका ओळीत सात चौकोन आणि अशा पाच ओळी घेतल्या, की ३५ घरांत कोणताही महिना बसतो आणि त्याची चौकट १४ सेंटिमीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच होते. अशा तीन चौकटी आडव्या आणि चार उभ्या मांडून मधे दोन-दोन सेंटिमीटर अंतर सोडले, तर एकूण मांडणी ४६ सेंटिमीटरचा नेमका चौरस होते. चारही बाजूंना १० सेंटिमीटर कापड जास्त ठेवावे, कारण कडेच्या चौकटी भरताना रिंगला पकड मिळायला हवी आणि पुढे फ्रेम करताना तेच कापड मागे दुमडावे लागते. म्हणजे ६६ सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा लागेल. एकेका महिन्यावर काम करायचे असल्याने २० सेंटिमीटरची साधी रिंग पुरते.

पाडव्यापासून सुरुवात करणे आपल्याकडे स्वाभाविकच आहे, त्याच दिवशी घरोघरी युगादीही असते. मात्र चौकटी मराठी महिन्यांच्या आखू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते, चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते आणि अधिक मासाच्या वर्षी बारांऐवजी तेरा चौकटी लागतात. घरे तारखेनेच मोजावीत. पाडवा मार्चच्या उत्तरार्धात आला असेल, तर मार्चच्या चौकटीत त्या तारखेच्या घरापासून भरायला घ्यावे. पुढच्या वर्षीचा मार्च आला की त्याच चौकटीतली सुरुवातीची रिकामी घरे भरतील आणि वर्तुळ तिथे पूर्ण होईल.

कापड सुती आणि घट्ट विणीचे असावे. केंब्रिक किंवा धुऊन आटवलेला मांजरपाट चालतो. दोऱ्याच्या लडीत साधारण ८ मीटर सहापदरी दोरा असतो. एका वेळी ४५ सेंटिमीटरचा तुकडा कापून त्यातले दोनच पदर सुईत ओवावेत. एका लडीचे असे पन्नासांहून अधिक तुकडे होतात आणि एवढ्याशा आकृतीला अनेकदा एका तुकड्याचा काही भागच लागतो. त्यामुळे सुरुवातीलाच भाराभर रंग विकत घेऊ नयेत. अठरा-वीस रंग पुष्कळ होतात, त्यातही दोन हिरवे, एक मातकट तपकिरी आणि एक राखाडी रंग अवश्य हवा, कारण वर्षभरात सर्वांत जास्त उपयोग त्यांचाच होतो. आखणी पेन्सिलीने हलक्या हाताने करावी. पाण्याने जाणारा निळा मार्कर वापरलात, तर खुणा पूर्ण धुऊन जाईपर्यंत कापडावर इस्त्री फिरवू नये, उष्णतेने ती शाई पक्की बसते.

रोज काय भरावे, याच्या तयार याद्या सगळीकडे मिळतात. त्या बाजूला ठेवाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. गणपतीला मोदक आणि दिवाळीला पणती हे तर कोणीही भरील. आपल्या घरात, आपल्या गल्लीत त्या दिवशी जे घडले ते कापडावर यायला हवे. शेजारच्या शिवारातले तंबाखूचे पान, म्हैस व्यायली त्या दिवशीचे रेडकाचे पांढरे कपाळ, भावाने गोकाकहून आणलेल्या करदंट या मिठाईची पुडी, मुलीच्या परीक्षेचा क्रमांक, रात्रभर गेलेली वीज, कर्नाटकी बेंदराला रंगवलेले शिंग, उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलेली बस. अशा गोष्टी दोन सेंटिमीटरात बसतात, फक्त त्यांचा एकच भाग निवडावा लागतो. संपूर्ण बस भरायची नाही, तिचा लाल पट्टा आणि एक चाक पुरे. देठ टाका, साखळी टाका, उलटी टीप आणि गाठीचा टाका एवढ्यांवर जवळजवळ सर्व काही भरता येते. भरीव टाका जपून वापरावा, त्याला वेळ फार लागतो, आणि रोजच्या कामाला पंधरा-वीस मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागू लागला की काम मागे पडते.

प्रश्न : माझे माहेर खानापूरचे आणि सासर बैलहोंगलचे. सासूबाई कन्नडभाषक असून त्यांच्याकडे कशिदा काढलेली काळी चंद्रकळा आणि काही इरकली साड्या आहेत. आता त्यांच्या डोळ्यांना बारीक काम झेपत नाही. रोजनिशीत कशिद्याचे टाके वापरता येतील का? (एक वाचक, बैलहोंगल)

उत्तर : आपला प्रश्न वाचून मनापासून आनंद झाला. वापरता येतील इतकेच नव्हे, तर लहान चौकोनात नेमकी आकृती बसवायला कशिद्याइतकी योग्य पद्धत आपल्या भागात दुसरी नाही. धारवाड आणि बेळगाव परिसराची ही कला, म्हणजे कसुती, मुळातच धागे मोजून, छापा न मारता काढली जाते.

तिचे चार टाके आपल्या सासूबाईंना ठाऊक असतीलच. गावंती म्हणजे जाताना एक सोडून एक धावदोरा घालायचा आणि परतताना सुटलेल्या जागा भरायच्या. त्यामुळे कापडाच्या दोन्ही बाजू सारख्या दिसतात. मुरगी त्याच रीतीने, पण पायऱ्यापायऱ्यांनी चालते. नेगीत लहानमोठे धावदोरे सरळ ओळींत घालून विणल्यासारखी नक्षी उठते, आणि मेंथी म्हणजे फुलीचा टाका, ज्याने हत्ती, रथ, गोपुर यांसारख्या मोठ्या आकृत्या भरल्या जातात. रोजनिशीसाठी मुख्यतः गावंती आणि मुरगी घ्यावीत. नेगीला आपली नक्षी दाखवायला लांबी लागते, ती दोन सेंटिमीटरांत मिळत नाही.

कापड मात्र मॅटी, म्हणजे विणीतली चौकोनी घरे मोजता येतील असे, घ्यावे. इंचाला १४ घरे असलेल्या मॅटीवर २ सेंटिमीटरांत ११ घरे येतात. ही संख्या विषम आहे हे फार सोयीचे, कारण मधले घर धरून तुळशीवृंदावन, कमळ किंवा समोरासमोरचे दोन पोपट दोन्हीकडे सारखे उतरतात. आकृती आधी चौकटीच्या कागदावर काढावी आणि तिच्यात सुईचा रस्ता पेन्सिलीने गिरवून पाहावा. गावंतीत प्रत्येक रेघेवरून दोनदा, जाताना एकदा आणि येताना एकदा, जावे लागते. म्हणून वाटेत फांदी आली, की ती टोकापर्यंत जाऊन परत येऊन पूर्ण करावी आणि मगच मूळ रेघेवर पुढे सरकावे. हा क्रम चुकला तर एखादी रेघ अर्धी राहते आणि तिच्यासाठी दोरा मागून उडवत न्यावा लागतो. गाठ मारायची नाही, सुरुवातीचे टोक परतीच्या टाक्यांखाली दडवायचे.

एक विनंती आहे. त्या साड्यांवरच्या आकृत्या सासूबाईंना शेजारी बसवून एकेक करून मोजून घ्या आणि वहीत उतरवा. ही आकृती कोणी शिकवली, कोणत्या लग्नासाठी काढली, हेही बाजूला लिहा. त्यांचे डोळे आता घरे मोजू शकत नसले, तरी सुईने कुठून वळावे हे त्या सांगू शकतील. ज्या दिवशी त्यांनी एखादी आकृती सांगितली, त्या दिवशीच्या घरात तीच भरावी. रोजनिशीला यापेक्षा खरी नोंद मिळणार नाही.

प्रश्न : जानेवारीपासून रोजनिशी नियमित चालू होती. मध्यंतरी घरात सासरे गेले आणि तेरा दिवस मी सुई हातात घेतली नाही. आता ती घरे रिकामी पाहवत नाहीत. मागची भरून काढावीत का? (एक वाचक, चिकोडी)

उत्तर : आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.

एरवी प्रवास, परीक्षा किंवा आजारपण यांमुळे काही दिवस सुटले, तर वहीत रोज एक ओळ लिहून ठेवावी आणि सवडीने त्या ओळीवरून आकृती भरावी, असे मी सांगते. मात्र आठवड्याहून जुने दिवस भरायला बसू नये. आठवण पुसट झालेली असते आणि मग हात नुसता नक्षी काढू लागतो. आपल्या बाबतीत तर त्या तेरा घरांत काहीही भरू नये. त्या दिवसांत जे झाले ते चित्राचे नव्हते. राखाडी किंवा आपल्याला योग्य वाटेल त्या एकाच रंगाच्या दोन पदरांनी त्या तेरा घरांभोवती गावंतीची एकच अखंड रेघ काढावी आणि आतले कापड जसेच्या तसे राहू द्यावे. चौदाव्या दिवसाच्या घरापासून पुढे चालू करावे. ती चौकट पुढे नातवंडे पाहतील तेव्हा त्यांना विचारावेसे वाटेल, आणि सांगायला आपण असाल.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात सगळे दमट असते. अर्धवट भरलेल्या कापडावर रिंगचा गोल डाग पडला आहे. काय करावे? (एक वाचक, कणकुंबी)

उत्तर : काम थांबले की रोज कापड रिंगमधून काढावेच, आपल्याकडच्या पावसात तर एक दिवसही विसरू नये. लाकडी रिंगच्या आतल्या कडीवर सुती पट्टी गुंडाळावी आणि लोखंडी स्क्रू कापडाला टेकत नाही ना, हे पाहावे, कारण गंजाचा डाग साध्या धुण्याने निघत नाही. नुसती मळकट वर्तुळे असतील तर ती जातात. मात्र आधी लाल, काळ्या आणि गडद निळ्या दोऱ्यांची परीक्षा करावी. त्यांवर ओला पांढरा फडका दाबून धरावा. रंग फडक्याला लागला नाही, तर थंड पाण्यात सौम्य साबणाचे थोडे थेंब टाकून कापड बुडवावे, पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपावे आणि सावलीत सपाट वाळवावे. इस्त्री जाड टॉवेलवर कापड पालथे ठेवून मागच्या बाजूने करावी. काम चालू नसताना ते सुती फडक्यात गुंडाळून ठेवावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडतो आणि बुरशीचे ठिपके येतात.