बोलावणं आलंय, पण जायचं कुठे?

इंदूरच्या आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या पॅरिशमध्ये, दर शनिवारी संध्याकाळी मी समुपदेशनाला बसते. इथे मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, हिंदीत होते, धर्मग्रामाला सगळे ‘पल्ली’ म्हणतात. पण मन मोकळं करायची वेळ आली की वसई-नगरकडून आलेली माणसं आपोआप मराठीवर येतात. त्यांतल्या बऱ्याच जणांची बोच एकच. “येशू म्हणतो, माझ्यामागे ये. मी नोकरी-संसारात अडकलेला. मी कसला शिष्य?”

उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, आलेल्या एका गृहस्थांची ही गोष्ट. त्यांच्या परवानगीने सांगते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय पन्नाशीचं, पीथमपूरला कारखान्यात शिफ्टची नोकरी. नुकतंच रिट्रीटमध्ये त्यांनी धन्य राणी मारियांचं चरित्र ऐकलं होतं. उदयनगर भागातल्या आदिवासींच्या बाजूने सावकारीविरुद्ध उभ्या राहिलेल्या या सिस्टरची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला येताना हत्या झाली. २०१७ मध्ये इथेच, आपल्या इंदुरात त्यांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं. “ताई, त्यांनी जीव दिला आणि मी रविवारी चर्चमध्ये बायबलचं वाचन करतो,” ते म्हणाले. “नोकरी सोडून मिशनमध्ये जावं असं वाटतंय. घरी बोललो तर बायको रडायलाच लागली.”

मी लगेच हो-नाही केलं नाही. आठवडाभर काय काय करता ते लिहून आणा, एवढंच सांगितलं.

वहीचं पान गच्च भरलेलं होतं. सोमवारी कमिटी, बुधवारी आजाऱ्यांच्या भेटी, शुक्रवारी प्रार्थनासभा, रविवारी वाचन आणि गायनवृंद. त्या पानावर घरातलं एकही माणूस नव्हतं. मला माहीत होतं की त्यांचे वडील दोन वर्षांपासून अर्धांगवायूने अंथरुणावर आहेत. मी विचारलं, “भाऊ, वडिलांची दाढी कोण करतं?”

बराच वेळ ते वहीचा कोपरा दुमडत राहिले. मग म्हणाले, “बायको. मी त्या खोलीत जात नाही.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वडील दारू पिऊन आईला मारायचे. आई गेली. मार थांबला तो वडिलांचे हातपाय लुळे पडल्यावर. बुधवारी परक्या आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करणारा हा माणूस स्वतःच्या बापाच्या दारावरून मान वळवून जात होता. त्यांना ढोंगी म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. ज्या खोलीत लहानपणीची भीती अजून बसलेली आहे, तिथे पाऊल टाकणं सोपं नसतं.

“माफ करून टाका” असं मी म्हटलं नाही. अशा घाईने जखम आतून चिघळते. आधी राग बोलून घेऊ दिला, दोन शनिवार त्यातच गेले. तिसऱ्या शनिवारी बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातला तो माणूस काढला. भुतांनी पछाडलेला, थडग्यांमध्ये राहणारा. येशूने त्याला बरं केल्यावर तो विनवतो, मलाही तुमच्याबरोबर येऊ द्या. येशू त्याला बरोबर घेत नाही. आपल्या घरी, आपल्या माणसांत जा, म्हणतो. मागे येण्याची हाक खरी आणि ही घरी पाठवणीही तितकीच खरी. लूक तर वधस्तंभ ‘दररोज’ उचलायला सांगतो. मत्तय आणि मार्क यांच्या त्याच वचनात हा शब्द नाही.

इथे मला ठामपणे एक सांगायचंय. घरात आजही मारहाण होत असेल तर ती सोसणं म्हणजे वधस्तंभ उचलणं नव्हे. तिथे आधी सुरक्षित जागी जायचं आणि मदत मागायची. या घरात तो धोका उरला नव्हता, म्हणूनच मी पुढचं बोलले.

राणी मारियांच्याच घरातली एक गोष्ट त्यांना सांगितली. त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल यांनी मारेकऱ्याला तुरुंगात जाऊन राखी बांधली ती २००२ मध्ये. हत्येला तेव्हा सात वर्षं झाली होती. ते एकदम म्हणाले, “सात वर्षं? मग मला दोन वर्षं लागली तर चालेल?”

आम्ही एवढंच ठरवलं. बुधवारच्या भेटी महिनाभर दुसऱ्या कुणाकडे द्यायच्या, आणि त्या वेळात बायकोला बाहेर पडू द्यायचं. वडिलांशी बोललंच पाहिजे अशी सक्ती नाही. मिशनचा विषय वर्षभर बाजूला.

पहिल्या बुधवारी ते उंबऱ्यावर उभे राहून परत फिरले. दुसऱ्या बुधवारी खुर्ची ओढून दाराजवळ बसले. तिसऱ्या बुधवारी साबणाचा फेस केला, पण हात थरथरला म्हणून वस्तरा ठेवून दिला आणि ओल्या फडक्याने नुसतं तोंड पुसलं. वडिलांनी डोळे मिटून घेतले होते. दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही.

गेल्या शनिवारी ते आले ते प्रश्न घेऊनच. “ताई, त्यांची मान एका बाजूला कलते. दाढी करताना ती कशी धरायची?”

मला ते नीट सांगता आलं नसतं. आमच्या धर्मग्रामातल्या एका निवृत्त नर्सताईंना मी तिथूनच फोन लावून दिला.