‘हेवी क्वार्क एनर्जी लॉस’ मराठीत कसं म्हणावं?

नागपुरातल्या एका एमएस्सीच्या विद्यार्थिनीला क्वार्कांवर, म्हणजे प्रोटॉनसारख्या कणांच्या आतल्या मूलकणांवर, मराठीत सेमिनार द्यायचा आहे. ‘भारी क्वार्कांचा ऊर्जाक्षय’ चालेल का, असं तिने विचारलंय.

‘भारी’ नको. नागपुरात ‘भारी’ ऐकलं की आधी ‘झकास’ आठवतं, वजन नंतर. ‘जड पाणी’ रुळलेलं आहे, तसंच ‘जड क्वार्क’ म्हणा.

खरी अडचण ‘क्षय’ची आहे, कारण भौतिकीत ‘क्षय’ म्हणजे ‘डिके’, कण फुटून दुसरे कण होणं. शिशाची केंद्रकं आदळली की चार्म आणि बॉटम हे जड क्वार्क अगदी सुरुवातीलाच जन्मतात आणि क्वार्क व ग्लुऑन (क्वार्कांना बांधणारे कण) यांच्या तप्त द्रवातून जाताना ऊर्जा गमावतात. हे सगळं एका सेकंदाच्या १० चा उणे २२ वा घात इतक्या वेळाच्या आतच आटोपतं. पुढे चार्म क्वार्क, समजा, डी-शून्य मेसॉनमध्ये (क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांच्या जोडीचा कण) बांधला गेला, तर तो मेसॉन अब्जावधी पट उशिरा फुटून केऑन आणि पायऑन हे हलके मेसॉन देतो. हा खरा क्षय, आणि डिटेक्टरमध्ये मेसॉन ओळखायचा तो या जोडीवरूनच. एकाच स्लाइडवर दोन्ही गोष्टी येणार. दोन्हींना ‘क्षय’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल की क्वार्क द्रवातच फुटला. म्हणून ‘ऊर्जाघट’ घ्या. ‘ऊर्जानाश’ तर चूकच, कारण ऊर्जा नाहीशी होत नाही, द्रवात आणि ग्लुऑनांत वाटली जाते.

घटीचे प्रकार दोन. द्रवातल्या कणांशी टकरा होऊन होते ती ‘आघाती घट’. ग्लुऑन फेकल्यामुळे होते ती ‘उत्सर्जनी घट’. इथे ‘किरणोत्सर्गी’ लिहू नका, लोकांना युरेनियम आठवेल.

‘डेड कोन’साठी ‘मृत शंकू’ समजतं, पण मला ‘कोरडा शंकू’ जास्त आवडतो. विदर्भात ‘कोरडवाहू’ कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जड क्वार्क आपल्या दिशेच्या अगदी जवळ ग्लुऑन फारसे फेकत नाही. त्या कोरड्या भागाचा कोन, रेडियनमध्ये, साधारण वस्तुमान भागिले ऊर्जा. ऊर्जा २० अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट धरली, तर बॉटमसाठी (वस्तुमान त्याच एककात सुमारे ४.२ अब्ज) कोन १२ अंश, चार्मसाठी (सुमारे १.३ अब्ज) जेमतेम ४. म्हणून बॉटमची उत्सर्जनी घट कमी आणि आघाती घटीचा वाटा मोठा. सर्नच्या अ‍ॅलिस प्रयोगाने २०२२ मध्ये चार्मचा हा शंकू थेट दाखवला, पण तो प्रोटॉन-प्रोटॉन टकरींमध्ये, जिथे शिशाच्या टकरीसारखा मोठा द्रव नसतो. ‘कोरडा शंकू’ हा शब्द ‘ऊर्जाघटी’च्या पोटात बसवताना हे प्रोटॉन-प्रोटॉनचं वाक्य जोडाच.