मावसबहिणीला नवरा मारतो, पण ती पोलिसांकडे जायला तयार नाही. मी मुंबईतून काय करू शकते?

ताई, तुम्ही लिहिलंय की बहिणीचं सासर देवगड तालुक्यात आहे, सासू-सासरे आणि दीर सगळे एकाच घरात राहतात, नवरा दारू पिऊन मारतो आणि पोलिसांचं नाव काढलं की ती फोन ठेवून देते. बचत गटाच्या कामामुळे अशा बायकांसोबत तालुक्याला आणि जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, माझं जाणं-येणं झालंय, त्यावरून सांगते.

ती पोलिसांना बिचकते यात नवल नाही. नवऱ्याला उचलून नेलं तर वाडीत तोंड कसं दाखवायचं, आणि तो सुटून घरी आला की पुढे काय? एकीने मला सरळ सांगितलं होतं, "माका केस नको गो, मार तेवढो थांबाक व्हयो." नेमकं हेच मागायची सोय 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात आहे, पण हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. या कायद्याखाली नवऱ्याला तुरुंगात टाका असं मागावं लागत नाही. मारहाण करू नये, घराबाहेर काढू नये, खर्चाला पैसे द्यावेत, मुलं तिच्याकडे राहावीत, असे आदेश मॅजिस्ट्रेटकडून मिळतात. मारहाण करू नये हा आदेश मोडला तर मात्र गुन्हा होतो, आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

तिला दुसरी भीती घराची असणार. आपल्याकडे घर सासऱ्यांच्या नावावर असतं, नाहीतर सामायिक असतं आणि कागदावर चुलत्यांची ढीगभर नावं. "घर आमचा, तू चालती हो," हे वाक्य ऐकून कितीतरी बायका वर्षानुवर्षं गप्प बसल्यात. घर तिच्या किंवा नवऱ्याच्या नावावर नसलं तरी ती जिथे संसार करतेय तिथे राहायचा तिला हक्क आहे. सासऱ्यांच्या मालकीच्या घरालाही हे लागू होऊ शकतं, असं सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये स्पष्ट केलंय. कायदेशीर मार्गाने गेल्याशिवाय तिला बाहेर काढता येत नाही.

आता तुमच्याबद्दल. याच कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. अशा छळाची माहिती त्यांना कुणीही देऊ शकतं, तुम्हीसुद्धा, आणि चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल तुमच्यावर कारवाई होत नाही. ते घटनेचा अहवाल तयार करतात आणि कोर्टात अर्ज करायला मदत करतात. बहिणीच्या भागाचे अधिकारी कोण, हे जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयात कळेल. वकिलाच्या फीची काळजी करू नका. बाईचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, त्यांचा नंबर 15100. ती काही दिवस तुमच्याकडे मुंबईला आली तर अर्ज तिथल्या कोर्टातही करता येतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात वेळ लागतो, म्हणून अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता आदेश सुरुवातीलाच मागायला सांगा.

पण तिला न विचारता यातलं काही सुरू करू नका. कुणीतरी घरी चौकशीला आलं आणि तिला आधी कल्पना नसली, तर त्या रात्री मार तिलाच पडतो.

181 ही महिलांची हेल्पलाइन आहे, जीव धोक्यात असेल तर 112. जिल्ह्याजिल्ह्यात सखी वन स्टॉप सेंटर ही योजना आहे, तिथे समुपदेशन, डॉक्टर, पोलीस, वकील यांची मदत आणि काही दिवसांचा आसरा एका जागी मिळतो. फोन मात्र तिने स्वतःच्या मोबाइलवरून करू नये, कारण नवरे कॉलची यादी बघतात. बाजाराच्या दिवशी किंवा गटाच्या मीटिंगला आली की मैत्रिणीच्या फोनवरून करावा.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. ग्रामीण रुग्णालयात गेल्यावर बायका "पाय घसरलो" म्हणतात आणि केसपेपरवर तेच लिहिलं जातं. खरं कारण सांगून ते लिहून घ्यायला सांगा, आणि तो कागद घरी ठेवू नका. कोर्टात याच कागदाचा मोठा आधार होतो.

गावकीत बैठक बसवून समजूत घालू, असं कुणीतरी म्हणेलच. माझा त्यावर विश्वास उरलेला नाही. तिथे दोघांनाही "जमवून घ्या" सांगतात, आणि जमवून तिलाच घ्यावं लागतं.

तुम्ही चतुर्थीला गावी जाणार असाल तर तेव्हाच बोला. घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं, मोदकांच्या गडबडीत दोघी मागच्या पडवीत बसलात तरी कुणी विचारत नाही. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला यांच्या झेरॉक्स तिच्याकडून घेऊन मुंबईला न्या. आणि रात्री-बेरात्री निघायची वेळ आली तर वाडीतल्या कुठल्या घरी जायचं, ते तिचं तिलाच ठरवू द्या.