सातबारा कोणाच्या नावावर?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा नुसता आनंद झाला. व्यावसायिक बास्केटबॉल संघात नोकरी, तीही तिकिटांचे दर ठरवणाऱ्या विभागात, आणि शिक्षण संपायच्या आत. तुझ्या आईला लगेच फोन केला. दुसऱ्यांदा वाचताना मात्र एका वाक्याशी अडकले. मुलाखत घेणारे साहेब म्हणाले, "दर वाढवले तरी फॅन जाणार कुठे? दुसरा संघ थोडाच धरणार आहेत?" आणि तू पुढे लिहिलंस की हे तुला पटलं.

मी सिॲटलमध्ये राहते. फॅन कुठे जातात ते मी पाहिलं आहे, म्हणून हे लांबलचक पत्र.

आम्ही १९९३ साली इथे आलो. डिसेंबरात दुपारी साडेचारला अंधार पडायचा आणि ऑफिसात माझ्याशी कामापलीकडे बोलणारं कोणी नव्हतं. बोलणं सुरू झालं ते सुपरसॉनिक्स या इथल्या बास्केटबॉल संघामुळे. सगळे सॉनिक्स म्हणायचे. संघ १९६७ सालचा, आधुनिक काळातला या शहराचा पहिला मोठा व्यावसायिक संघ, आणि १९७९ साली त्याने विजेतेपद आणलेलं. सोमवारी सकाळी कॉफीच्या यंत्रापाशी संघातल्या गॅरी पेटनबद्दल दोन वाक्यं बोलता आली की तुम्ही इथले झालात. मी गाडीत रेडिओवर केव्हिन कॅलाब्रोचं धावतं वर्णन ऐकून खेळ शिकले. १९९६ साली साखळीत ६४ सामने जिंकून संघ अंतिम फेरीत गेला, समोर जॉर्डनचा शिकागो बुल्स. सहाव्या सामन्यात हरलो. माझा मुलगा तेव्हा नऊ महिन्यांचा होता, आणि त्याच्या अंगात संघाचा हिरवा टी-शर्ट होता. हे तुला सांगते आहे कारण पुढचा सगळा हिशेब या टी-शर्टाचा आहे.

आता आपल्या धंद्याचं बोलू. २००१ साली स्टारबक्सचे हॉवर्ड शुल्ट्झ आणि त्यांच्या भागीदारांनी संघ २० कोटी डॉलरला घेतला. पाच वर्षं ते तोट्याची तक्रार करत राहिले. संघाचं स्टेडियम 'की अरीना' एनबीए या लीगमधलं सर्वांत लहान, भाडेकरार परवडत नाही, सरकारने नूतनीकरणाला पैसे द्यावेत. पैसे मिळाले नाहीत, तेव्हा २००६ साली त्यांनी संघ ओक्लाहोमा सिटीच्या क्ले बेनेट यांच्या गटाला विकला. किंमत ३५ कोटी डॉलर. दरवर्षी तोटा म्हणे, आणि पाच वर्षांनी किंमत १५ कोटींनी जास्त. मी व्यवसायाने हिशेबनीस, हा आकडा पेपरात वाचून मी खुर्चीतून उठले होते.

तोट्याची ही गंमत तुला पहिल्या आठवड्यातच कळायला हवी. अमेरिकेच्या करकायद्यात संघ विकत घेणाऱ्याला खरेदीच्या किमतीचा मोठा भाग १५ वर्षांत वाटून खर्ची टाकता येतो. खिशातून दमडी न जाता ताळेबंदात खड्डा दिसतो. आणि संघाची किंमत वाढत राहते ती त्या ताळेबंदाबाहेर. जेरी बस यांनी १९७९ साली लॉस एंजेलिसचा लेकर्स हा संघ घेतला, तोही हॉकीचा एक संघ, स्टेडियम आणि एक रँच यांच्यासकट, सगळं मिळून ६ कोटी ७५ लाख डॉलरला. २०२५ साली लेकर्सच्या विक्रीचा करार झाला तेव्हा एकट्या संघाचं मूल्य सुमारे १० अब्ज धरलं गेलं. तेव्हा कोणी मालक तुझ्यासमोर वर्षाचा तोटा ठेवून रडवेला झाला, तर शांतपणे विचार: विकायचा झाला तर किती येतील?

ही वाढ येते कुठून? टीव्हीच्या पैशातून येते, हे खरं. आत्ताचा करार ११ हंगामांचा आणि सुमारे ७६ अब्ज डॉलरचा आहे. पण टीव्हीवाले कशाचे पैसे मोजतात? चाळीस वर्षं तेच रंग घालून येणाऱ्या माणसांचे. कॉलेजात तुला शिकवलं असेल, स्वतः कमावलेलं गुडविल, म्हणजे नावलौकिकाची किंमत, वहीत लिहिता येत नाही. धंदा विकला जातो तेव्हा विकत घेणाऱ्याच्या वहीत ते पहिल्यांदा आकडा होऊन येतं. फॅनच्या निष्ठेचं तसंच आहे. मुलाला खांद्यावर बसवून आणणारा बाप, रेडिओ ऐकणारी मी, यांची नोंद कुठेच नव्हती. ज्या दिवशी संघ विकला गेला त्या दिवशी ती झाली, आणि पैसे घेऊन गेला सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस. जमीन कोणी कसली हे त्या उताऱ्यावर लिहिलेलं नव्हतं.

आता माझा स्वतःचा भाग, जो तुझ्या आईलाही ठाऊक नाही. २००६ च्या नोव्हेंबरात सिॲटलमध्ये एका प्रस्तावावर मतदान झालं: व्यावसायिक संघाला शहराचा पैसा द्यायचा तर सरकारी रोख्याइतका तरी परतावा मिळायला हवा. जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांनी होय म्हटलं. मीही म्हटलं. शाळांचे, पुलांचे पैसे मागे ठेवून कोट्यधीशाला इमारत बांधून द्यायची, हे हिशेबात कुठेच बसत नव्हतं. स्टेडियमवर ओतलेला सार्वजनिक पैसा शहराला परत मिळत नाही, यावर अर्थशास्त्रज्ञांचं एरवी क्वचित दिसणारं एकमत आहे. बेनेट यांनी मग सिॲटलजवळच्या रेंटनला ५० कोटींच्या नव्या अरीनाचा आराखडा मांडला, विधिमंडळाने तोही घेतला नाही. ऑगस्ट २००७ मध्ये त्यांचे भागीदार ऑब्री मॅक्लेंडन एका वार्ताहराला सरळ सांगून गेले की संघ सिॲटलमध्ये ठेवण्यासाठी घेतलेलाच नव्हता. लीगने त्यांना अडीच लाख डॉलर दंड केला. खरं बोलल्याचा दंड, असं आम्ही तेव्हा चिडून म्हणत होतो.

१३ एप्रिल २००८. डॅलसविरुद्ध घरचा शेवटचा सामना. मुलगा बारा वर्षांचा. केव्हिन ड्युरांटचा तो पहिलाच हंगाम, एकोणीस वर्षांचा पोरगा. आम्ही जिंकलो. लोक जागचे हलेनात. "सेव्ह अवर सॉनिक्स" असा गजर चालू होता आणि माझा मुलगा गप्प होता. घरी येताना गाडीत त्याने विचारलं, "आई, तू त्या मतदानात काय केलंस?" मी खरं सांगितलं. तो तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. पाच दिवसांनी मालकांच्या सभेत २८ विरुद्ध २ मतांनी स्थलांतर मंजूर झालं. विरोधात होते डॅलसचे मार्क क्युबन आणि पोर्टलंडचे पॉल ॲलन. जुलैत शहराने भाडेकरारावरून संघाच्या मालकांशी चाललेल्या खटल्यात तडजोड केली. भाडेकराराची दोन वर्षं उरली होती, ती ४ कोटी ५० लाख डॉलर घेऊन सोडली. सॉनिक्स हे नाव आणि हिरवा-सोनेरी रंग तेवढे इथे राहिले.

मी आजही तसंच मत देईन. आणि त्या तीन दिवसांचं मला आजही वाईट वाटतं. तुझ्या नोकरीत या दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असतील, त्यातली एक खोटी ठरवायची घाई करू नकोस.

तर फॅन कुठे गेले? माझा मुलगा आज तिशीचा आहे. त्याने दुसरा संघ धरला नाही, साहेबांचं तेवढं बरोबर होतं. त्याने पुरुषांचा व्यावसायिक बास्केटबॉल पाहणंच सोडलं. त्याच्या वर्गातले निम्मे तसेच.

आम्ही दोघं जातो ते स्टॉर्मला. ही गोष्ट तुला अभ्यासक्रमात कोणी सांगितली नसेल. सॉनिक्सच्या सौद्यात सिॲटल स्टॉर्म हा महिलांचा संघही बेनेट यांच्याकडे गेला होता. २००८ च्या सुरुवातीला इथल्याच चार बायकांनी मिळून तो १ कोटी डॉलरला विकत घेतला आणि शहरात ठेवला. लिसा ब्रुमेल, जिनी गिल्डर, डॉन ट्रूडो, ॲन लेव्हिन्सन. त्यानंतर स्टॉर्मने २०१०, २०१८ आणि २०२० साली विजेतेपद मिळवलं. मालकी म्हटली की वाईटच, असं मी म्हणत नाही ते या चौघींमुळे. सातबारा त्यांच्याही नावावरच होता. फक्त जमीन कसणारी माणसं त्यांना दिसत होती.

ओक्लाहोमा सिटीच्या लोकांवर मी फार वर्षं राग धरला. तो अन्याय होता. १९९५ च्या बॉम्बस्फोटाने हादरलेलं ते शहर. कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लीन्सचा संघ दोन हंगाम तिथे खेळला तेव्हा लोकांनी त्या परक्या संघालाही अरीना भरून दाखवली. सॉनिक्स तिथे जाऊन थंडर झाला. थंडरमध्ये नवा खेळाडू आला की त्याला आधी बॉम्बस्फोटाच्या स्मारकावर नेतात. २०२५ च्या जूनमध्ये ते विजेते झाले. सातवा सामना मी पाहू शकले नाही, पण दुसऱ्या दिवशी रडणाऱ्या आजोबांचा एक फोटो पाहिला आणि त्यांच्यासाठी बरं वाटलं. त्या निष्ठेचंही बिल आलंच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या मतदारांनी नव्या अरीनासाठी सहा वर्षं एक टक्का विक्रीकर मान्य केला. खर्च किमान ९० कोटी, मालकांचा वाटा ५ कोटी. लोकांनी ७० टक्क्यांहून जास्त मतांनी होय म्हटलं, कारण नाही म्हटलं की काय होतं ते त्यांना माहीत आहे. सिॲटलचंच उदाहरण समोर आहे.

आणि कॅलिफोर्नियातलं सॅक्रामेंटो. २०१३ च्या जानेवारीत बातमी आली की सिॲटलचा एक गट तिथला किंग्ज हा संघ विकत घेऊन इथे आणणार. मी त्याच आठवड्यात तिकिटांच्या प्रतीक्षायादीत नाव घातलं. शेजारच्या घरातली वस्तू उचलायला रांगेत उभी राहिले होते, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. किंग्ज स्वतः १९८५ साली कॅन्सस सिटीहून उचललेला, तीही गोष्ट कोणाच्या ओठावर नव्हती. मे महिन्यात लीगने २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर फेटाळलं आणि संघ गेला मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या गटाकडे. शहराने नव्या अरीनासाठी २५ कोटींहून जास्त ओतले. २००६ पासून २०२३ पर्यंत प्लेऑफचं, म्हणजे साखळीनंतरच्या फेऱ्यांचं, तोंड न पाहता तिथले लोक येत राहिले. हेच किंग्ज ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्सशी खेळले तेव्हा तू शाळेच्या मुलांबरोबर तिथे बसली होतीस. रात्री मला फोन करून घसा बसलेल्या आवाजात सांगितलंस, "मावशी, एका गुणाने हरलो!" हरलो म्हणालीस. दोन तास पाहिलेल्या संघाला तू आपलं म्हणून टाकलंस, आणि त्यासाठी तुझ्याकडून कोणी काही मागितलं नव्हतं.

ते "हरलो" म्हणणारी माणसं तुझ्या संगणकात रकाने होऊन येतील. म्हणून काही कामाच्या गोष्टी. सीझन तिकीट सोडणाऱ्यांची यादी दर हंगामात स्वतः वाच, आणि वीस वर्षांहून जुन्या दहा-बारा जणांना स्वतः फोन कर. सरासरीत ही माणसं दिसत नाहीत, कारण त्यांची जागा नव्या, जास्त पैसे देणाऱ्याने घेतलेली असते आणि महसूल वाढलेलाच दिसतो. वरच्या मजल्याचे दर ठरवताना एक आई, दोन मुलं, पार्किंग आणि पॉपकॉर्न एवढी बेरीज कागदावर मांडून साहेबांसमोर ठेव. तुझ्या नावाने फॅनना पत्र जाणार असेल आणि त्यात "आपलं कुटुंब" असा शब्द असेल, तर त्याच पत्रात दरवाढ नाही ना, ते बघ. शहराला किती फायदा होतो याचा अहवाल लिहायला सांगितला तर आधी विचार, आकडे कोणाचे.

नोकरी मात्र घे. मी नको म्हणत नाही. आत बसलेलं कोणीतरी ही गणितं दोन्ही बाजूंनी करणारं असायला हवं, आणि तुझा हात आकड्यांत चांगला चालतो. फॅनचा आवाज फुकट जातो असंही समजू नकोस. डॅलसमध्ये क्युबन यांनी बहुतांश मालकी विकल्यावर, २०२५ च्या फेब्रुवारीत संघाच्या व्यवस्थापकाने लोकांच्या लाडक्या लुका डॉन्चिच या खेळाडूला लेकर्सकडे पाठवलं. लोक महिनोन्महिने अरीनात त्या व्यवस्थापकाला काढा म्हणून ओरडत राहिले. नोव्हेंबरात त्याला काढलं. लुका परत आला नाही, हेही खरं.

रुजू व्हायच्या आधी एक काम कर. तुमची अरीना शहराच्या मालकीची आहे असं तू लिहिलं आहेस, म्हणजे भाडेकरार सार्वजनिक कागद असणार. शहराच्या कचेरीत रीतसर मागितला तर मिळेल. तो किती सालापर्यंत आहे, मुदतीआधी मोडला तर दंड किती, दुरुस्ती कोणाच्या माथी, हे तीन परिच्छेद आधी शोध. मिळाला की मला पाठव. रविवारी सकाळी मी मोकळी असते, फोनवर दोघी मिळून वाचू.

तुझी,
मावशी