पहाटेची प्रार्थना आणि अडलेली सही

ताई, सप्रेम सलाम.

मी ठाण्यात कोपरीला राहते, माहेर नगरचं. दोन खोल्यांत आम्ही चौघं: हे, मुलगा, सासूबाई आणि मी. रोज साडेचारला उठते. सव्वापाचला पाणी येतं, त्याआधीचा वेळ तेवढा माझा. ओट्याशी स्टूल ओढून बसते, मोबाइलवर पवित्र शास्त्र उघडते आणि शांतीसाठी प्रार्थना करते. पूर्वी त्या वेळेवर माझा दिवस निघायचा. बाबा गेल्यापासून तसं होत नाही. नगरचं घर भावाला एकट्याच्या नावावर करायचंय. त्याने हक्कसोडपत्राचा मसुदा व्हॉट्सॲपवर पाठवलाय. 'तुझं लग्न बाबांनी करून दिलं, आता तुझं इथे काय राहिलं?' म्हणाला. आई त्याच्याकडेच असते. मी सही करत नाही म्हणून तो आईशी फोनवर धड बोलूही देत नाही. डोळे मिटले की मला त्याचं तेच वाक्य ऐकू येतं. महिला मंडळातल्या बहिणी म्हणतात, क्षमा कर, सही करून टाक, प्रभू शांती देईल. माझ्याच्याने सही होत नाही आणि शांतीही मिळत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?

— एक बहीण, ठाणे

प्रिय बहिणी,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, विश्वास कमी पडत नाहीये. रोज तेच वाक्य ऐकू येतं हे माहीत असूनही तुम्ही साडेचारला उठून त्याच स्टुलावर जाऊन बसता. याहून अधिक विश्वास कोणी कुणाकडे मागावा?

मला खटकलं ते दुसरंच. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. प्रार्थनेत भाऊ आठवला की तुम्ही त्याला ढकलून देता आणि मन परत वचनाकडे ओढून आणता, असं त्यावरून वाटलं. तो पुन्हा येतो, तुम्ही पुन्हा ढकलता, तेवढ्यात नळाला पाणी येतं. अशी पहाट माणसाला थकवणारच. त्याला ढकलू नका. सध्या तुमच्या प्रार्थनेचा विषय तोच आहे, त्याला तिथे येऊ द्या.

उद्या सकाळी स्तोत्र ५५ काढा. शत्रूने निंदा केली असती तर सोसली असती, पण हे करणारा माझा जवळचा, माझ्या बरोबरीचा माणूस निघाला, असं तो स्तोत्रकर्ता सांगतो. कबुतरासारखे पंख असते तर दूर उडून गेलो असतो, म्हणतो. संध्याकाळी, सकाळी, दुपारी मी गाऱ्हाणं करीन आणि देव माझा आवाज ऐकेल, असंही म्हणतो. मधेच रागाच्या भरात तो समोरच्याचं वाईटही मागतो, आणि शास्त्राने ते शब्द गाळलेले नाहीत. हे स्तोत्र मनात वाचू नका. सासूबाईंची झोप मोडणार नाही इतपत आवाजात, पण ओठ हलवून वाचा. मग तुमचं स्वतःचं गाऱ्हाणं तुमच्या भाषेत सांगा. 'प्रभू, माझा भाऊ मला म्हणाला की तुझं इथे काय राहिलं. मला ते फार लागलंय. आईचा आवाज ऐकायला मिळत नाही, त्याचा मला राग येतो.' प्रार्थनेत एवढं खरं बोलायला चालतं. किंबहुना तिथेच बोलावं, कारण तिथे ऐकणारा ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकणार नाही.

आता 'सही कर, शांती मिळेल' या सल्ल्याकडे येते. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण सल्ला मला मान्य नाही. क्षमा ही तुमच्या आणि देवाच्या मधली गोष्ट आहे. ती तुम्ही आज, अर्धवट का होईना, सुरू करू शकता. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवायचा दस्त आहे, आणि एकदा नोंदवला की परत फिरवणं महाकठीण. क्षमा केली म्हणून सही द्यावीच लागते असं नाही. उलट, मनात कढ ठेवून सही दिलीत तर घरही जाईल आणि पहाटे ते वाक्यही ऐकू येत राहील. असं झालेल्या बायकांची पत्रं मला येतात.

लूकच्या १२व्या अध्यायात गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. येशू म्हणतो, मला तुमचा न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमलं? आणि लगेच पुढे लोभापासून सांभाळा म्हणून बजावतो. यातले दोन्ही भाग तुमच्यासाठी आहेत. वाटणीचा निकाल पहाटेच्या प्रार्थनेत लागायचा नाही, तो कायद्याने आणि घरच्यांनी एकत्र बसून लावायचा आहे. आणि लोभाचा प्रश्न मात्र पहाटेचाच आहे, तो स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. मला हवंय ते घर की 'तूही बाबांची मुलगी आहेस' हे भावाच्या तोंडून ऐकणं? पत्रावरून मला दुसरं वाटतंय, पण ते तुम्हीच जाणा. दोन्ही हवं असेल तर त्यातही लाज वाटण्यासारखं काही नाही.

कायदा काय म्हणतो तेही सांगते, कारण मंडळात ते कोणी सांगणार नाही. आपल्या ख्रिस्ती समाजाला वारशासाठी भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ लागू होतो. बाबांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर आईचा एक तृतीयांश, आणि उरलेलं मुलांमध्ये सारखं. मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाही, आणि लग्न झालं म्हणून मुलीचा हिस्सा संपत नाही. तुम्ही दोघंच भावंडं असाल तर आई, तो आणि तुम्ही, तिघांना एकेक तृतीयांश. म्हणजे त्या घरात आईचाही वाटा आहे, आणि तिला काय हवंय हे कोणी विचारलेलं दिसत नाही. वकिलाच्या फीची धास्ती वाटत असेल तर ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७च्या कायद्याप्रमाणे बाईला तिथे मोफत मदत मिळते, उत्पन्न किती आहे हे पाहिलं जात नाही. मसुदा त्यांना दाखवा. नीट समजून घेतल्यावर, भावाची ओढाताण पाहून, आपल्या खुशीने हिस्सा सोडावासा वाटला तर जरूर सोडा. पण कोणी घाई करतंय म्हणून सोडू नका.

अडलेलं बोलणं कोणीतरी सुरू करायला हवं. सर्व बुद्धीपलीकडची शांती तुमची अंतःकरणं राखील, हे फिलिप्पैकरांस पत्राच्या ४थ्या अध्यायातलं वचन तुम्हाला पाठ असेलच, बहुतेक घरांत ते भिंतीवर असतं. त्याच अध्यायात थोडं वर जा. पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे युवदीया आणि सुंतुखे या दोघींना एकचित्त व्हा म्हणून विनवतो. दोघी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, त्याच्या बरोबरीने राबलेल्या, आणि दोघींचं फाटलेलं. तो नुसतं 'प्रार्थना करा' म्हणून थांबत नाही, आपल्या एका सोबत्याला सांगतो की या दोघींना मदत कर. शांतीचं ते वचन येतं ते या भांडणाच्या पाठोपाठ, आणि लिहिणारा स्वतः तुरुंगात बसलेला. म्हणून तिसरा माणूस शोधा. नगरच्या मंडळीचे पाळक, नाहीतर भाऊ ज्यांचा शब्द खाली पडू देत नाही असे काका-मामा. त्यांना एवढंच सांगा, मी भांडायला आलेली नाही, पण न वाचता सही करणार नाही, आणि आईशी बोलणं सहीवर अडवू नका.

तुमच्या पहाटेत दोन बदल करा. एक, मोबाइलवर शास्त्र वाचणं बंद. ज्या पडद्यावर तुम्ही वचन उघडता त्याच पडद्यावर भावाचा मसुदा पडून आहे, अंगठा एकदा घसरला की पहाट संपली. छापील पुस्तक घ्या, घरात लग्नातलं असेलच. फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला राहू दे. दोन, सध्या साडेचारला उठू नका, पाचला उठा. रात्री भांडी आवरून पाठ टेकेपर्यंत तुम्हाला किती वाजतात ते लिहिलेलं नाही, पण मला अंदाज आहे. एलिया संदेष्टा जिवाला कंटाळून रानात झुडपाखाली पडला, 'आता पुरे' म्हणाला, तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं, दूताकरवी भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. देव डोंगरावर त्याच्याशी बोलला ते त्यानंतर. पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. स्तोत्र, गाऱ्हाणं, आणि शेवटी भावाचं नाव. त्याच्यासाठी काय मागायचं ते सुचणार नाही, तर मागू नका. घरात त्याला ज्या नावाने हाक मारत होता ते नाव देवापुढे घ्या आणि उठा. पाणी भरायला लागा. काही दिवसांनी त्या नावापुढे एखादा शब्द आपोआप येईल, तो चांगलाच असेल असंही नाही, पण ढकलाढकलीपेक्षा ते बरं.

आणि आईला भेटायला जा. फोनची परवानगी मागत बसू नका. माळशेजच्या रस्त्याने नगर काही परमुलुख नाही. मुलाला बरोबर घ्या, आजीला नातू दिसू दे. त्या दिवशी घराचा विषय काढू नका. भावाने काढला तर 'आज आईसाठी आलेय, त्याचं बोलणं काकांसमोर करू' म्हणा आणि आईजवळ जाऊन बसा. तिला काय हवंय हे विचारायची वेळ पुढच्या खेपेला येईल.

मंडळातल्या बहिणींना सहीबद्दल काही सांगायची गरज नाही. त्यांना आईच्या तब्येतीसाठी प्रार्थना मागा, ती त्या मनापासून करतील.

नगरहून आलात की मला कळवा, आई कशी आहे ते.

तुमची,
ताई