उरलेली केमोथेरपी जिल्ह्याच्या ठिकाणी घ्यावी का?

प्रश्न : माझ्या आईच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया मुंबईत झाली. आता दर २१ दिवसांनी केमोथेरपीसाठी रात्रभर एसटीने प्रवास करावा लागतो आणि औषधापेक्षा त्या प्रवासानेच ती खचते. आमच्या जिल्हा रुग्णालयात डे-केअर केंद्र होणार असे ऐकतो. उरलेले डोस तेथे घेतले तर चालतील का? रेडिएशनची सोय तेथे का होत नाही?
— एक वाचक, भूम, जि. धाराशिव

उत्तर : जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत डे-केअर कर्करोग केंद्रे उभारण्याची घोषणा २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली आहे. आपल्याकडील केंद्र सुरू झाल्यावर, मुंबईच्या डॉक्टरांनी औषधे, मात्रा आणि तारखा लेखी दिल्या असतील, तर उरलेले डोस तेथे अवश्य घ्यावेत. औषध तेच असते. पाहायचे ते देणाऱ्याचा हात आणि तयारी. रुग्ण ज्याला ‘लाल औषध’ म्हणतात ते डॉक्सोरुबिसिन शिरेबाहेर झिरपले तर तेथील मांस जळते, म्हणून प्रशिक्षित परिचारिका आहे का, हे आधी विचारा. प्रत्येक डोसपूर्वी रक्ततपासणी झालीच पाहिजे. डोसनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. तेव्हा ताप १००.४ अंशांवर गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट न पाहता, रात्री दोन वाजता का होईना, रुग्णालय गाठावे. म्हणूनच हे केंद्र दिवसापुरते असले, तरी रात्री दाखल करून घेणारा वॉर्ड त्याच्या पाठीशी हवाच.

रेडिएशनचे गणित वेगळे आहे. त्या यंत्राला जाडजूड काँक्रीट भिंतींची खोली, अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी आणि कायमस्वरूपी भौतिकतज्ज्ञ लागतो, त्यामुळे प्रत्येक जिल्ह्यात ते बसवणे इतक्यात शक्य नाही. आपल्या शेजारी बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात ही सोय आहे. शेवटच्या डोसची वाट न पाहता फाइल घेऊन तेथे आत्ताच नाव नोंदवावे.

जिल्ह्याजिल्ह्यातील या केंद्रांच्या योजनेत कर्करोग लवकर ओळखणाऱ्या तपासणीलाही जागा मिळावी, असे मला मनापासून वाटते. आपल्याच जिल्ह्यातील सुमारे १ लाख ३० हजार स्त्रिया ज्या अभ्यासात सहभागी होत्या, त्यातून २००९ साली सिद्ध झाले की गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदा केली तरी त्या कर्करोगाचे मृत्यू कमी होतात. आईला घेऊन जाल तेव्हा घरातील तिशी ओलांडलेल्या स्त्रियांसाठीही या तपासणीची चौकशी करावी.