‘म्युटेशन पॉझिटिव्ह’ आलं, म्हणजे मुलीलाही होणार का?

भांडुपहून आलेल्या त्या ताईंनी वडिलांची फाइल उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं: ‘केआयटी म्युटेशन पॉझिटिव्ह’, म्हणजे केआयटी नावाच्या जनुकात बदल सापडला. वडिलांच्या टाचेवरचा काळा डाग कुरूप समजून घरच्यांनी वर्षभर कॉर्न कॅप लावली होती. निदान झालं ते मेलॅनोमाचं, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाचं. वडील सत्तरीत गेले. “मॅडम, हे माझ्या रक्तात आलंच असणार. माझ्या मुलीचं काय?” त्यांची मुलगी नऊ वर्षांची.

हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो, आणि बहुतेक वेळा त्यामागे असंच एखादं रिपोर्टमधलं वाक्य असतं. वडिलांची ती तपासणी रक्ताची नव्हती, गाठीच्या तुकड्याची होती. कोणतं औषध लागू पडेल, हे ठरवण्यासाठी ती करतात. असा बदल त्या पेशींमध्ये आयुष्यात पुढे कधीतरी घडलेला असतो. तो मुलांकडे जात नाही. हे निदान होतानाच घरच्यांना सांगायला हवं, असं मला कळकळीने वाटतं.

आनुवंशिक मेलॅनोमा असतोच, पण शंभरातल्या पाच-दहा रुग्णांत. त्यात जास्त आढळणारा जनुक म्हणजे नवव्या गुणसूत्रावरचा सीडीकेएन२ए. त्याचा संबंध १९९४ साली उघड झाला. त्यातला दोष आई किंवा वडिलांकडे असेल, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. काही घराण्यांत त्यासोबत स्वादुपिंडाचा कर्करोगही दिसतो. म्हणून कागदावर तीन पिढ्यांची वंशावळ काढायला घेतली.

“आत्या काविळीने गेली,” त्या सहज बोलून गेल्या. मी थांबले. स्वादुपिंडाची गाठ पुष्कळदा कावीळ म्हणूनच घरच्यांच्या लक्षात राहते. त्यांनी तिथूनच साताऱ्याच्या काकांना फोन लावला. आत्या तेव्हा वीस-बावीसची होती, पावसाळ्याचे दिवस होते आणि त्याच महिन्यात वाडीत आणखी दोघांना कावीळ झाली होती. म्हणजे ती साथीची कावीळ असावी. बाकी वंशावळीत मेलॅनोमा कुणालाच नव्हता. या माहितीवर जनुक तपासणी सुचवण्याचं कारण मला दिसलं नाही, आणि तसं मी स्पष्ट सांगितलं.

“मग काहीच करायचं नाही?” करायचं. आपल्याकडे हा आजार बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली निघतो, जिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो. तेव्हा महिन्यातून एकदा आंघोळीनंतर तळपाय, बोटांच्या बेचक्या आणि नखं नीट पाहायची. डाग वाढतोय, कडा वेड्यावाकड्या होताहेत, रंग बदलतोय, रक्त येतंय किंवा नखातला काळा पट्टा रुंद होत शेजारच्या कातडीवर उतरतोय, तर लगेच त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचं. सुई लावली की कॅन्सर पसरतो, या भीतीने बायोप्सी टाळायची नाही.

मुलीच्या गालावरचा तीळ पार्लरमध्ये जाळून घ्यायचं घरात चाललं होतं. ते थांबवायला सांगितलं: आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. काढायचाच ठरला, तर डॉक्टरांकडून काढून घ्या. शंका असेल, तर तो तपासायला पाठवता येतो. जाळलेल्या तिळाचं तपासायला काही उरत नाही.